एका रात्रीचं शिबिर आणि पालकाची सही

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



‘मुली आणि प्राथमिक शिक्षण’ असा विषय मला दिला आहे. या विषयावर आपण नेहमी पटनोंदणी, गळती, बालविवाह यांबद्दल बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली ते चौथीच्या मुलांत गेली. या वयाच्या मुलींची नावं आता बहुतेक सगळीकडे हजेरीपटावर असतात. नाव पटावर आहे, मुलगी वर्गात बसली आहे, तरी शाळेतलं काय तिच्या वाट्याला येतं आणि काय येत नाही, हे कोण ठरवतं? त्याबद्दल मी बोलणार आहे. त्यासाठी उदाहरण घेते शाळेच्या शिबिराचं. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी. मी आणि एक तरुण सर. करोनात शाळा बंद राहिल्यानं मुलांची दोन वर्षं घरात गेली होती. तिसरी-चौथीच्या मुलांना दिशा, वजन-मापं, तारे हे सगळं पुस्तकातल्या चित्रांवरूनच माहीत होतं. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये शाळेतच एका रात्रीचं शिबिर घ्यायचं आम्ही ठरवलं. कुठं लांब जायचं नव्हतं. आपलीच शाळा, आपलंच गाव. एकतीस मुलं, त्यांत सोळा मुलगे आणि पंधरा मुली. संमतीपत्रं घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलग्यांची पत्रं सही होऊन आली. मुलींची आली चार.

आठच दिवसांपूर्वी, ३ जानेवारीला, याच मुलींनी सावित्रीबाईंची जयंती साजरी केली होती. नऊवारी नेसून, कपाळाला आडवी चिरी लावून ‘मी सावित्री बोलते’ म्हणून भाषणं केली होती. गाव कौतुकानं टाळ्या वाजवत होता. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा चालवायला निघालेल्या बाईचा वेष मुलीला चालतो. शाळेच्या ओट्यावर एक रात्र झोपणं चालत नाही.

आणखी एक. पत्राच्या तळाशी ‘पालकाची सही’ अशी रेघ असते. त्या रेघेवर जवळजवळ सगळ्या घरांत बापाची सही येते. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर, असा सरकारचा निर्णय आहे. चांगलं झालं. पण ती सहीची रेघ अजून तशीच बापाची आहे.

आम्ही आयांची बैठक बोलावली. संध्याकाळी सातला, भाकऱ्या झाल्यावर. सरांना मुद्दाम बाहेर बसवलं. आया आधी नुसतं “तिचे वडील नको म्हणतात” इतकंच बोलत होत्या. मग एकजण म्हणाली, “बाई, रात्री लघवीला उठली तर कोण नेईल?” आणि मग प्रश्नांची रांगच लागली. झोपेत ओलं करते, बाकीची पोरं हसतील. मुलगे कुठं झोपणार? बाहेरचे कोण पुरुष येणार? शाळेच्या मागच्या बाजूला दिवा आहे का? आणि तिचा धाकटा भाऊ तिच्याशिवाय झोपत नाही, त्याचं काय?

हे प्रश्न मागासलेपणाचे नाहीत, हे आधी समजून घ्या. हे फार नेमके प्रश्न आहेत. आपण कार्यकर्त्या अशा वेळी ‘मुलीला बंधनात ठेवू नका’ म्हणून भाषण देतो आणि आईला वाटतं, हिला काही कळत नाही. प्रत्येक प्रश्नाला सांगता येईल असं उत्तर हवं. मागं दिवा लावला. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसच्या कपाटात. घाण होते म्हणून! ते कुलूप कायमचं काढलं. मुली एका खोलीत, मुलगे दुसऱ्या, आणि मुलींच्या खोलीच्या दाराशी तीन आया झोपतील असं ठरलं. सही आईनं केली तरी चालेल, हेही बैठकीत सांगितलं.

धाकट्या भावाला बरोबर आणायला सांगितलं. यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी चालवली. भावंडं सांभाळायची म्हणून मुली शाळेला येत नाहीत, तर भावंडांसकट या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. मुलीच्या कमरेवर मूल असतं हे धरून शाळा आखायची, हे त्यांना इतक्या वर्षांपूर्वी कळलं होतं. आमच्या कार्यालयांना ते अजून कळायचं आहे.

शेवटी बारा मुली आल्या, दोन धाकट्या भावांसकट. तिघी आल्याच नाहीत. त्यांतल्या एकीच्या आईची सही होती, पण बापानं ती खोडली होती.

दुसरीचं पुस्तक बालभारतीनं २०१९ मध्ये बदललं. त्यात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले आहेत. वर्गात “घरातलं काम कोणाचं?” असं विचारलं की सगळी मुलं एका सुरात “सगळ्यांचं!” म्हणतात. उत्तर बरोबर, गुण पैकीच्या पैकी. शिबिरात रात्री ताटं घासायची वेळ आली तेव्हा कोणी न सांगता मुली उठल्या आणि मुलगे पकडापकडी खेळायला पळाले. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीत आलं म्हणून मुलगे घासायला बसलेही, पाणी उडवत मजेत घासत होते. तेवढ्यात मुलाला बघायला आलेल्या एका वडिलांनी त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि शेजारी बसलेल्या मुलीपुढं ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. सरांनी ते पातेलं उचललं आणि स्वतः घासायला बसले. मी दहा वेळा समजावलं असतं तरी इतकं झालं नसतं. पुरुषानं पुरुषासमोर घासलं, याचा तिथं परिणाम झाला. वडील थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

आता वर्गातल्या शिकण्याबद्दल. चौथीतली एक मुलगी गुणाकार-भागाकाराची शाब्दिक उदाहरणं कोरी सोडायची. तिच्या नोंदवहीत ‘गणितात मदतीची गरज’ असा शेरा होता. आम्ही मुलं आणि मोठी धरून पस्तीस माणसं. तांदूळ किती लागतील असं विचारल्यावर मुलगे म्हणाले, दहा किलो. ही म्हणाली, “माणशी दोन मुठी.” मग पोषण आहाराचा काटा काढला. तिच्या दहा मुठी तांदूळ भरले तीनशे ग्रॅम. पस्तीस माणसांच्या सत्तर मुठी, म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. हे तिनं जमिनीवर खडूनं मांडलं. भात पुरला.

इथं ‘बघा, मुली स्वयंपाकात उपजत हुशार’ असं म्हणून थांबायचं नाही. तिला हे येतं, कारण आई मजुरीला गेली की घरचा भात सातव्या वर्षापासून ती लावते. ते काम तिच्यावर पडलेलंच आहे. निदान त्यातून आलेलं गणित तिच्या नावावर गणित म्हणून जमा व्हावं, आणि मुलग्यांनाही मूठ मोजायला लागावी. वहीतला शेरा मी बदलला.

रात्री आठला मैदानात सतरंज्या टाकल्या. उत्तरेकडं शर्मिष्ठा दिसत होती, तिच्यावरून ध्रुव शोधला. चार दिशा मुलांना पाठ होत्याच, पण उत्तर म्हणजे ‘नकाशाच्या वरची बाजू’ एवढंच. इथं उत्तर म्हणजे पाण्याच्या टाकीच्या वर थोडा डावीकडं एक मंद तारा. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, “बाई, मी रात्री इतका वेळ बाहेर कधीच नव्हते.” तिच्या घरी संडास नाही. तिची रात्र म्हणजे आईबरोबर डबा घेऊन घाईघाईनं जाऊन यायची वेळ. वर बघायला सवड कुणाला? दाराशी झोपलेल्या एका आईनंही मला सांगितलं की माहेर सोडलं तर लग्नानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर झोपली.

जाता जाता आठवलं. स्काऊट-गाइडमध्ये प्राथमिकच्या मुलग्यांना ‘कब’ म्हणतात, म्हणजे लांडग्याचं पिल्लू, आणि मुलींना ‘बुलबुल’. एकानं रानात हिंडायचं, दुसरीनं गायचं. नाव ठेवणाऱ्यांनी फार विचार केला नसेल, पण नावाला विचार लागतच नाही.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताई रात्रभर थांबल्या होत्या. त्यांचं मानधन तुटपुंजं, आणि शिबिराचं काम त्यात धरलेलं नसतं. ‘गावचंच काम आहे’ म्हणून ते फुकट करून घेण्याकडं सगळ्यांचा कल होता. आम्ही वर्गणीतून त्यांना दिवसाची मजुरी दिली. तुम्ही शिबिर घेतलंत तर हा खर्च आधी धरा.

पुढच्या वर्षी मुलींच्या सह्या सहज आल्या. मग ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतच दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. आमच्याकडं शिबिराचा विषय काढायची सोय राहिली नाही. वरून तोंडी सल्ला आला, की कशाला जोखीम घेता? मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून मुलींचं शिकणं बंद करायचं, हा आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय. पण अत्याचार दिवसाढवळ्या शाळेत झाला होता. मग काय शाळाही बंद करणार?

त्या वर्षी आम्ही शिबिर घेतलं, पण नियम लिहून भिंतीवर लावले. कोणतंही मोठं माणूस, स्त्री असो वा पुरुष, एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहणार नाही. रात्री किमान तीन बायका जाग्या, पाळीपाळीनं. कुणी हात लावलेला आवडला नाही तर कुणाला सांगायचं, हे मुलांना आधी सांगितलं, मुलग्यांनाही. २०१२ चा पोक्सो कायदा दोघांसाठी आहे, आणि गुन्हा कळल्यावर तो न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणाऱ्यांना हे वाचून दाखवा.

तुमचं काम इथं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. नावं असतात. पण बैठक सकाळी अकराला, बाया शेतावर, आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. २०२२ मध्ये सरकारनं शाळांत सखी सावित्री समित्या करायला सांगितल्या. मी पाहिलेल्या बऱ्याच शाळांत ती समिती म्हणजे फळ्याशेजारचा एक तक्ता. तुमच्या गटातल्या ज्या बायांची मुलं शाळेत आहेत त्यांना या समित्यांत बसवा, बैठक संध्याकाळी घ्यायला लावा, आणि पहिल्याच बैठकीत विचारा की स्वच्छतागृहाची किल्ली कुठं आहे.

सहली आणि शिबिरांची संमतीपत्रं दिवाळीच्या सुट्टीनंतर निघतात. तेव्हा शाळेत जा आणि किती मुलींची पत्रं कोरी परत आली ते मोजा. त्या घरांत आधी आईशी बोला, तिचे प्रश्न लिहून घ्या, आणि उत्तरं घेऊनच दुसऱ्यांदा जा.