बालमधुमेह आणि शरीरातील पहारेकरी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी, एवढीच माझी ओळख. मधुमेह हा आपल्या घराघरांत बोलला जाणारा विषय आहे; परंतु त्याच नावाचा, प्रामुख्याने मुलांना व तरुणांना गाठणारा एक निराळा रोग आपणांस नीट ठाऊक नाही. हे अज्ञान प्रसंगी जिवावर बेतते, म्हणूनच आज हा विषय मांडत आहे.

मोठ्या वयात स्थूलपणा आणि बैठे काम यांच्या संगतीने येणारा मधुमेह हा दुसऱ्या प्रकारचा. त्यात शरीर इन्सुलिन बनवते, पण ते पुरे पडत नाही. पहिल्या प्रकारात मात्र इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे पुंजके पाहिले. त्यांनाच पुढे ‘लँगरहॅन्सची बेटे’ हे नाव मिळाले. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. त्यांचा नाश कोण करते? १९६५ साली बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी, रोग जडल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. त्यांतील अनेकांच्या बेटांभोवती व बेटांत त्यांना पांढऱ्या पेशींचा वेढा आढळला. रोगजंतूंशी लढण्यासाठी निसर्गाने नेमलेले पहारेकरीच आपल्या घरावर चालून गेले होते.

असे का व्हावे? टी-पेशी नावाच्या या पहारेकऱ्यांचे शिक्षण छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते. गिरणीतून बाहेर पडण्यापूर्वी कापडाचा प्रत्येक ताका पारखला जातो आणि सदोष माल बाजूला काढला जातो, तद्वत शरीराच्या स्वतःच्याच घटकांवर तुटून पडू पाहणाऱ्या टी-पेशी तेथे बाद केल्या जातात. परंतु कोणतीही पारख शंभर टक्के अचूक नसते. काही सदोष पेशी निसटतात. त्यांना आवरण्यासाठी दुसरी व्यवस्था आहे, ती नियामक टी-पेशींची. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशींची ओळख पटवली. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्यांच्याशी निगडित जनुक उजेडात आणले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लाभले.

काही बालकांत जन्मजात जनुकीय कल असतो. त्यावर, बहुधा, एखाद्या विषाणुसंसर्गासारखे बाह्य निमित्त घडते आणि हा दुहेरी बंदोबस्त अपुरा पडतो. मग साहाय्यक टी-पेशी चेतावणी देतात, मारक टी-पेशी बीटा पेशींना थेट ठार करतात आणि बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे मुख्यतः शस्त्र नसून आत चाललेल्या झुंजीची खूण होत. रक्ततपासणीत ती रोगाच्या कित्येक महिने, कधी अनेक वर्षे आधी सापडतात.

यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. हा रोग मूल गोड खाते म्हणून होत नाही, आणि आईच्या हयगयीनेही होत नाही. तेव्हा त्या माउलीस बोल लावणे हा अन्याय आहे. मुलगी असेल तर लग्नाच्या चिंतेने रोग लपवणे हा तिच्यावर दुसरा अन्याय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो व त्या पुन्हा काम करू लागतात. काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनची मात्रा फारच कमी लागते. नेमक्या याच काळात कोणी एखादे चूर्ण वा काढा दिलेला असला, की श्रेय त्याला जाते आणि इन्सुलिन बंद केले जाते. परंतु पहारेकऱ्यांचा हल्ला थांबलेला नसतो. शिल्लक संपते, रक्तात आम्ल साठते, उलट्या व धाप सुरू होते आणि वेळीच उपचार न झाल्यास मूल हातचे जाते. व्यापारी मंडळींना मी एवढेच सांगेन : भांडवल संपत आले असताना चार दिवसांचा गल्ला पाहून पेढी सावरली असे कोणी समजू नये.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे किशोरवयीन लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी हा रोग म्हणजे मृत्युदंडच होता. तेव्हाचे इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. आज वापरात असलेले बहुतांश इन्सुलिन जिवाणू वा यीस्ट यांच्या साहाय्याने बनते, हे शाकाहारी कुटुंबांनी ध्यानी घ्यावे. आपल्याकडे उपवासांची परंपरा आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपवास करू नये आणि वडीलधाऱ्यांनीही आग्रह धरू नये.

आता आशेची बाब. मारक पेशींची धार बोथट करणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाची चाचणी रोगाच्या उंबरठ्यावरील ७६ व्यक्तींवर झाली. २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : औषध न मिळालेल्यांत रोग प्रकटण्यास मध्यमानाने सुमारे दोन वर्षे लागली, तर औषध मिळालेल्यांत सुमारे चार. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. हा रोगमुक्तीचा उपाय नव्हे. पण बालपणाची दोन वर्षे सुयांवाचून जाणे ही लहान गोष्ट नाही.

तोवर आपले कर्तव्य साधे आहे. मूल फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीस जाऊ लागले, सुटलेली सवय परतून अंथरूण ओले करू लागले, खाऊनपिऊन रोडावू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. ही तपासणी अगदी थोड्या पैशांत आणि काही क्षणांत होते. आणि ज्या घरी असे मूल आहे, त्या घरास उपदेश न देता आधार द्यावा. गरीब घरातील मुलाला इन्सुलिन अखंड मिळत राहील एवढी तजवीज आपण केली, तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे मी मानेन.