वकिलाचे शील



न्यायालयात उभ्या राहणाऱ्या माणसाचे शील कशावरून ओळखावे, हा आजचा विषय आहे. त्यासाठी मी एका अशा वकिलाचे उदाहरण घेतो, जो प्रत्यक्षात कधी जन्मलाच नाही. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या १९६० सालच्या कादंबरीतील अॅटिकस फिंच हा तो वकील होय.

कथा १९३० नंतरच्या दशकातील, अलाबामा राज्यातील एका काल्पनिक गावची आहे. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो व न्यायाधीश अॅटिकसकडे बचाव सोपवतात. गाव त्याला दूषणे देते. टॉमला ठार करण्यासाठी जमाव रात्री तुरुंगावर चालून येतो, तेव्हा हा एकटा दारात बसलेला असतो. मारणारा डावखुरा असला पाहिजे आणि टॉमचा तर डावा हातच निकामी आहे, हे तो न्यायालयास दाखवून देतो. तरीही गोरी ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळू पाहणारा टॉम गोळ्यांना बळी पडतो.

पराभव ठाऊक असूनही त्याने कसूर केली नाही. या गुणासाठी जगाने त्याला आदर्श मानले व ते योग्यच आहे. परंतु आपण येथेच थांबता कामा नये. त्या न्यायालयात कृष्णवर्णीय लोक वरच्या सज्जात बसले होते. अॅटिकस बाहेर पडताना ते आदराने उभे राहिले. पण त्यांच्यापैकी एक तरी ज्यूरीत होता काय? एक तरी वकील होता काय? मनरो फ्रीडमन या अमेरिकन विधिप्राध्यापकांनी १९९२ साली हाच आक्षेप घेतला, की नेमणूक झाल्यावर अॅटिकस लढला, परंतु अन्यायाची व्यवस्था बदलण्यासाठी स्वतःहून पुढे आला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीत तर वृद्ध अॅटिकस वर्णभेदाच्या बाजूने उभा दिसतो.

त्याच अलाबामात १९३१ साली स्कॉट्सबरो प्रकरणी नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर असाच आरोप झाला. त्या खटल्यांतून १९३२ साली वकील मिळण्याचा हक्क आणि १९३५ साली कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाला. सज्जनाची दया त्याच्याबरोबर संपते, परंतु हक्क मागे उरतो.

म्हणून आमचा आदर्श कादंबरीत शोधण्याचे कारण नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी प्राशन केले, त्यांचाच नेता त्या तळ्याच्या दाव्यात कायद्याने लढला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने निर्णय त्यांच्या बाजूने दिला. येथे सज्जात बसणारा माणूसच खाली उतरून युक्तिवादास उभा राहिला. याच बाबासाहेबांनी १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे जन्माने ब्राह्मण होते, विषय लोकांना अप्रिय होता आणि खटला हरलाही. शील जात पाहत नाही व निकालही पाहत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

वकीलबंधूंनो, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडिताला जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा व म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. हे किती पीडितांना त्यांच्या वकिलाने सांगितले? गावाने वाळीत टाकलेल्या फिर्यादीला "तडजोड करून टाक" असे सांगणारा वकील फी घेतो, पण सम्यक आजीव गमावतो. आणि वाचकहो, आपल्या मुलामुलींना कायदा शिकवा. घटनेच्या ३९-अ अनुच्छेदातील मोफत विधिसाहाय्याची वाट वस्तीतील प्रत्येकाला दाखवा. दुसऱ्याच्या सौजन्यासाठी सज्जात उभे राहण्याचा काळ आपण मागे टाकला आहे. आता त्या न्यायालयात आपल्या माणसांची खुर्ची रिकामी राहता कामा नये.

जय भीम!