घरातील दुसरे मूल

(केंद्रातील शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



दिव्यांग बालकाच्या शिक्षणाविषयी अशा परिषदांतून पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच घरात बहुधा आणखी एक मूल असते. त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. आजचा विषय त्या मुलाचा आहे.

चौथीतील एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिचा सहा वर्षांचा भाऊ मेंदूच्या पक्षाघाताने, दवाखान्यात ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्या विकाराने, परावलंबी झालेला आहे. त्याला टेकवून बसवावे लागते, घास मऊ करून थोडाथोडा भरवावा लागतो. एकेका जेवणास तासही लागतो. आई खुरपणीला गेली की हे काम मुलीकडे येते. हजेरीपत्रक चाळले तर बाजारच्या दिवशी, सोंगणीच्या आठवड्यात, आणि आईवडील भावास जिल्ह्याच्या रुग्णालयात नेतात त्या दिवशी शेरडे राखण्यासाठी ती गैरहजर आढळेल. शेऱ्यात मात्र ‘अनियमित’ एवढाच शब्द पडतो.

श्रमापेक्षा मनातील ओझे अधिक. भावास हे कशाने झाले, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या हातून तो लहानपणी पडला, म्हणून तर नव्हे? उद्या आपल्यालाही होईल काय? आई सदैव त्याच्यापाशी, म्हणून त्याचा राग येतो. आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटते. वर्गातील मुले त्याच्या बोलण्याची नक्कल करतात तेव्हा ती भांडते, किंवा, जे अधिक वाईट, त्याच्याविषयी बोलणेच टाकते.

गावात तिला ‘दुसरी आईच’ म्हणून वाखाणतात. हे कौतुक फार स्वस्त आहे. नऊ वर्षांच्या मुलीस आई म्हटल्याने कोणाची सोय होते, ते पाहावे.

शाळाही या बाबतीत निर्दोष नाही. भाऊ पहिलीत आला की त्याला शौचास नेण्यासाठी, रडला तर उगी करण्यासाठी, ताईला चौथीतून बोलावणे जाते. तिचे गणित अर्धे राहते. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यास घरी शिकण्याचा पर्यायही ठेवला आहे. या हक्कांचा भार शासनावर व शाळेवर आहे. बहिणीवर तो कोठेही टाकलेला नाही. समग्र शिक्षेत पात्र विद्यार्थ्यांसाठी मदतनीस भत्त्याची तरतूद आहे. त्यासाठी गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची गाठ मुख्याध्यापकांनी घ्यावी.

मुलीला एकांतात, साध्या शब्दांत सांगावे की, हा विकार जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूस इजा झाल्याने होतो. तो संसर्गाने पसरत नाही. आणि बोलणे अस्पष्ट आहे म्हणून बुद्धी मंद असे समजू नये. तिची इच्छा असेल तर हेच मग वर्गास सांगावे. तिला विचारल्यावाचून नव्हे.

गृहभेटीस गेल्यावर शिक्षकाने भावाची चौकशी करण्यापूर्वी तिची वही मागावी. ती कोनाड्यातून काढून आणण्यास वेळ लागेल. तेवढा वेळ थांबावे, आणि वडिलांदेखत पानन्‌पान पाहावे.