निंदणाचा खर्च आणि मायची मजुरी
(अकोट येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गटातल्या एका शेतमजूर बाईची मुलगी यंदा बी.ए. झाली. तिला पुढे पर्यावरणाचं नीतिशास्त्र शिकायचं आहे. घरचे विचारतात, यानं नोकरी लागेल का? शेजारी विचारतात, मेळघाटातले वाघ वाचवणार का? तिची कारणं वेगळी आहेत आणि ती आपल्या सगळ्यांच्या कामाची आहेत.

जून २०१९ मध्ये आपल्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेनं एचटीबीटी कपाशीचं बियाणं जाहीरपणे लावलं. तणनाशक फवारलं तरी ही कपाशी मरत नाही. या बियाण्याला सरकारची मान्यता नव्हती. निंदणाचा खर्च झेपत नाही, आम्हाला तंत्रज्ञान निवडू द्या, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. पर्यावरणाला धोका आहे का, हे आधी तपासा, असं कायद्याचं म्हणणं. दोन्हींत तथ्य आहे. पण निंदणाऱ्या बाईचं म्हणणं काय?

ही मुलगी मला म्हणाली, "ताई, निंदणाचा खर्च म्हन्जे माह्या मायची मजुरी. मंग तो वाचला, तं कोनाच्या घरातून गेला?"

दिवसभर वाकून कंबर मोडते. ते कष्ट सुटावेत असं मायलाही वाटतं. पण बदल्यात दुसरं काम कुठलं? वावरातलं तण म्हणजेच तिच्या घरची तरोट्याची, घोळीची, चिवळीची भाजी. फवाऱ्याला हा फरक कळत नाही.

तज्ज्ञांचंही एकमत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याच वर्षी उलट मत दिलं. मग खात्री होईपर्यंत धोका कोणी घ्यायचा? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकं होती. पण विष आधी कोणाच्या अंगावर येतं, हे तिथं दिसलं.

फायदा एकाचा आणि धोका दुसरीचा, तेव्हा न्याय्य काय, हे नुसतं उत्पन्न मोजून कळत नाही. ते तोलायला तिला शिकायचं आहे.

नोकरीची हमी मी देत नाही. पण तिच्या प्रवेशाच्या फीला आपल्या गटानं हातभार लावावा. आणि ती शिकून येईपर्यंत आपण थांबायचं नाही. येत्या ग्रामसभेत निंदणाऱ्या बायांनी उभं राहून विचारायचं: कोणतं औषध फवारता, आणि आमच्या मजुरीचं काय?