नववीत गप्प बसणारी मुलं



मला दिलेला विषय 'माध्यमिक शाळेतली मुलं आणि त्यांचं मन' असा आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी फक्त नववीबद्दल बोलते. दहावीच्या निकालावर आपण मे महिन्यात हळहळतो. पण मूल हातातून निसटतं ते बऱ्याचदा नववीतच. मी या वर्गाला गणित शिकवते, रोज पाहते.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ उर्दू शाळाही सातवी-आठवीला संपतात. मग नवी शाळा, लांबचा रस्ता, आणि अनेकदा माध्यमच वेगळं. घरात दखनी किंवा कोकणी, आतापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणि आता फळ्यावर मराठी. हे ओझं किती आहे ते बाहेरून दिसत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने पहिल्या घटक चाचणीत गणिताचा पेपर जवळजवळ कोरा दिला होता. आधीच्या तुकडीत त्याच्या नावापुढे 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा होता. मी स्वतः सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले, म्हणून त्याला विचारताना 'अपूर्णांक' ऐवजी 'कसर' म्हटलं, 'समीकरण' ऐवजी 'मुसावात'. पठ्ठ्याने उभ्या उभ्या तीन उदाहरणं सोडवली! गणित येत होतं, शब्द येत नव्हते. त्रिकोण म्हणजेच मुसल्लस, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

यावर उपाय फुकटातला आहे. बालभारतीची गणित-विज्ञानाची पुस्तकं मराठीत आहेत तशी उर्दूतही आहेत, आणि ती मोबाइलवर उतरवून घेता येतात. दोन्ही शेजारी ठेवून पहिले दोन महिने शब्दांची वही करा. तुमच्यापैकी जे दोन्ही लिपी वाचतात त्यांनी मोहल्ल्यातल्या दोन-तीन मुलांना एवढं केलं तरी खूप झालं. महागड्या क्लासची घाई नंतर करा.

आता मनाचं. आपल्याकडे गप्प मुलाला 'शहाणं' म्हणतात. मला त्याच मुलाची काळजी वाटते. सोमवारी पोट दुखतं, डबा तसाच परत येतो, मधल्या सुट्टीत ते बाकावरच बसून राहतं. कधी नावावरून टोमणा बसलेला असतो. तो घरी सांगितला जात नाही, मुलींकडून तर नाहीच, कारण उत्तर ठरलेलं: "राहू दे मग ती शाळा." छळ करणारा शाळेत राहतो आणि सोसणारी घरी बसते. म्हणून अशा वेळी अम्मी-अब्बांबरोबर तुम्हीही शाळेत जा, मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. अंतर हीच अडचण असेल, तर ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. पुष्कळ घरांना तो माहीतच नसतो.

भेटल्यावर "किती मार्क पडले?" हा प्रश्न नको. तो सगळेच विचारतात. "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतेस?" असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. जगावंसं वाटत नाही असं कुणी बोललं, तर 'नाटक करतोय' म्हणून सोडू नका, आणि 'कुणाला सांगू नकोस' ही अट मान्य करू नका. त्याला एकटं न सोडता लगेच मोठ्या माणसाला सांगा. 14416 ही सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीतही बोलते. डॉक्टरकडे जाणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे. ताप आल्यावर आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो.

आणि निकालाचा दिवस. ज्या घरात पेढे वाटले जाणार नाहीत, तिथे त्याच संध्याकाळी जा. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा 2015 पासून जुलैच्या सुमारास होते, म्हणजे वर्ष वाया जायलाच हवं असं नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. पण फॉर्मची मुदत थोडी असते आणि तेवढ्यात मुलगा गॅरेजला लागतो, मुलीसाठी स्थळ येतं. म्हणून जाताना गुणपत्रिका मागून पाहा, राहिलेले विषय कागदावर लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेच्या कार्यालयात जाऊन फॉर्म भरा.