युक्ति कोणाची, अधिकार कोणाचा?



चारचौघे निर्णयास बसले कीं दोन सूर ऐकूं येतात. एक म्हणतो, "आमचे केस ह्याच कामांत पिकले, आम्हांस कोण शिकवणार?" दुसरा म्हणतो, "नवी युक्ति आम्हांस सुचते, म्हाताऱ्यांनीं बाजूस व्हावें." आमच्या मतें दोघांचेंही बोलणें अर्धें आहे.

आज चाकणांत बोलत आहों, म्हणून ह्याच खेड तालुक्याचा दाखला देतों. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचें मूळ गांव कनेरसर. मुंबईच्या गिरणींत स्टोअरकीपरचें काम करतांना त्यांनीं मजुरांचे हाल पाहिले. १८८४ सालीं सुमारें साडेपांच हजार मजुरांचा अर्ज त्यांनीं सरकारी कमिशनपुढें नेला. त्यांचा अधिकार जन्मानें आलेला नव्हता, मेहनतीनें मिळविलेला होता. तरीही १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार मजूर जमले, तेव्हां दोन मजूर बायाही सभेपुढें बोलल्या. त्याच वर्षीं १० जूनला गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. बाया बोलल्या म्हणून पुढाऱ्याचा मान उणा झाला काय? उलट मागणीला जोर आला.

आतां कारखान्यांत येऊं. क्वालिटी सर्कलची पद्धत १९६२ सालीं जपानांत सुरू झाली. ती इकडच्या कारखान्यांतही आली. मशिनवर राबणारेच एकत्र बसून दोषाचें कारण शोधतात व उपाय सुचवितात. पण ठेकेदाराकडच्या पोराला त्या बैठकींत कोण बोलावतो? प्रेसखालीं बोटें जातात तीं त्याचीं. हात कोठें अडकतो हें त्यालाच आधीं कळतें. त्याचें ऐकलेंच पाहिजे. मात्र एकाला सुचलें म्हणून लगेच सगळ्या मशिनींवर लावणें हाही अविचार. आधीं एका मशिनवर करून पहावें, जुन्या फिटरनें धोका तपासावा. फिटरला "नाहीं" म्हणण्याचा हक्क आहे, परंतु कारण दाखवून. "मी वडील आहें" हें कारण नव्हे.

आम्हां मास्तरांसही हाच नियम. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेच्या समितींत तीन चतुर्थांश पालक बसविले आहेत. शिकवावें कसें, ह्यांत आमच्या अनुभवाचा शब्द चालावा. पण पाळीवर जाणाऱ्या आईला सभेची कोणती वेळ सोयीची, हें तिनेंच सांगावें.

म्हणून सुचविण्याचें दार सर्वांस उघडें असावें. ठरवितांना ज्यानें तें काम निभावलें आणि ज्याला परिणाम भोगावे लागणार, त्या दोघांचा शब्द जड धरावा. पुढच्या बैठकींत सर्वांत धाकट्याला आधीं बोलूं द्या. अनुभवी माणसानें शेवटीं बोलावें. एवढें केलें तरी कोणाचीं तरी बोटें वाचतील.