दिवे खाली होते



मला सॉफ्टवेअरमधल्या नव्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. माफ करा, मी एका जुन्या मोटारीबद्दल बोलणार आहे.

माझे आजोबा एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. गाडी इंग्लंडची मॉरिस मायनर. बाबांना हल्ली सकाळचा चहा घेतला की नाही तेही आठवत नाही, पण लहानपणी पाहिलेली ती गाडी आठवते. ते सारखे म्हणायचे, "तिचे दिवे खाली होते, नाकापाशी." मी दर वेळी मोबाइलवर चित्र दाखवून त्यांना दुरुस्त करायचे. "बाबा, मायनरचे दिवे मडगार्डवर असतात." ते गप्प बसायचे.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेत एक फोटो सापडला. आजोबा गाडीला टेकून उभे, आणि दिवे खरंच खाली, जाळीच्या दोन्ही बाजूंना!

मग मी नीट बघायला बसले. बॉनेटच्या मधोमध उभी, सपाट, उंच पट्टी. ही मायनरचीच खूण. रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांना नमुन्याची गाडी अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती मधोमध उभी कापून 4 इंचांनी रुंद केली. बॉनेटमधली ती वाढ या पट्टीने भरून काढली. पुढची काच दोन तुकड्यांची, म्हणजे गाडी 1956 साली आलेल्या मायनर 1000च्या आधीची; त्या गाडीला अखंड काच होती. आणि दिवे जाळीपाशी, म्हणजे 1948 ते 1950च्या सुमारास निघालेली अगदी पहिली एमएम मालिका, 918 सीसी इंजिनाची. दिवे मडगार्डवर गेले ते त्यानंतर. मी बाबांना दाखवत होते ती चित्रं नंतरच्या गाड्यांची होती.

नेमकं साल मात्र मी सांगणार नाही. नंबरप्लेटवरून नोंदणी कळते, गाडी कधी बनली ते नाही. त्यासाठी बॉनेटखालच्या पट्टीवरचा चॅसी नंबर हवा, आणि ती गाडी केव्हाच भंगारात गेली.

आपल्या प्रयोगवहीत क्रम ठरलेला असायचा : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमान आधी लिहिलं की वही परत यायची. इंजिनिअर होऊनही मी बाबांच्या बाबतीत तेच केलं. त्यांचं निरीक्षण होतं, माझं नुसतं अनुमान.

फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी दिव्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघ. खाली."

मी म्हटलं, "हो बाबा. माझंच चुकलं."

तुमच्याही घरी कुणी तीच ती गोष्ट सांगत असेल, तर दुरुस्त करण्याआधी एकदा ट्रंक उघडून बघा.